यात लाल करु नका

नातीच्या ज्या पत्राला मी एकवीस दिवस उत्तर दिलं नाही, त्याची पहिलीच ओळ होती, ‘आजोबा, यात लाल करु नका.’ ही ओळ मला नीट कळली तेव्हा ‘करु’मधला रु दीर्घ करून झाला होता.

मुद्दाम केलं नाही, हात गेला. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. कागद समोर आला की लाल पेन खिशातून आपोआप बाहेर येतं, तसं ते आलं, आणि मी भानावर आलो तोवर पत्राच्या शेवटाला पोचलो होतो. सतरा चुका. पत्र जेमतेम एका पानाचं.

हा माझा दुसरा गुन्हा होता. त्याच्या आदल्या वर्षी तिनं मला आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं होतं. ते मी दुरुस्त करून, खाली ‘छान प्रयत्न!’ असं लिहून परत पाठवलं. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. वर्षभर तिच्याकडून एक अक्षर आलं नाही. लेक फोनवर म्हणाली, “बाबा, ती आठ वर्षांची मुलगी आहे. तुमच्या छापखान्यातली लेखिका नाही.”

आता हे दुसरं पत्र. ते इथे तिच्या लेखनाप्रमाणेच उतरवतो. असं उतरवताना माझ्या हाताला काय होतंय ते माझं मला माहीत.

‘आजोबा, यात लाल करु नका. हे पत्र गुप्त आहे. फोनवर बोलु नका, आई एकते. मागच्या हिवाळ्यात बाबांनी मला मोठा गॉगल आनला. वाढत्या अंगाचा. तो नाकावर आला, आतुन वाफ धरली आणि मी स्कीच्या वर्गात बाईंवरच आपटले. सगळे हसले. मग मी गेलेच नाही. आईला वाटतं मी आळशी आहे. यंदा पहिला धडा परत घेतला नाही तर मी कधीच शिकनार नाही. तो धडा मोठ्यांना पण चालतो. सपाट जागेवर असतो. मी एकटी जानार नाही. मैत्रिन येनार आहे असं बाईंना सांगितलं आहे. ती बहात्तर वर्षांची आहे हे नाही सांगितलं. येनार का? हो / नाही. बरोबर उत्तराला गोल करा आणि हाच कागद परत पाठवा. दुसरा नको, मी बघनार आहे. मला मापाचा गॉगल पण पाठवा. दोरा सोबत आहे. आमच्याकडे बहुतेक ढग असतात. नावं पुढच्या महिनाअखेर बंद.’

मध्ये आणखी एक वाक्य होतं. त्या एका वाक्यात पाच चुका होत्या, आणि शेवटच्या क्रियापदाच्या वचनाबद्दल मी समासात शंकाही काढून ठेवली होती. ते वाक्य इतकं लाल झालं की खालचं वाचता येईना. वाचायची गरजही वाटली नाही. दुरुस्ती झाली की वाक्य माझ्यापुरतं संपतं.

तर अडचण अशी. हाच कागद परत पाठवायचा, आणि या कागदाची तर मी रंगपंचमी केलेली. खोडरबरानं शाई गेली नाही, कागदाला मात्र भोक पडलं. एका कोपऱ्यात चुका झाकायचं पांढरं लावून पाहिलं, तर तेवढा कागद पोपडे आलेल्या भिंतीसारखा दिसायला लागला. मग, सांगायला लाज वाटते, मी तिच्या अक्षरात पत्राची नक्कल करायला बसलो. तिचा तिरपा ‘ज’ जमला, फुगीर ‘ब’ जमला. ‘येनार’ लिहिताना हात अडला तो अडलाच. तीन कागद वाया गेले. तिन्हींवर ‘येणार’.

आणि खरं सांगायचं तर, नुसता कागदच आडवा आला असंही नाही. मला बर्फाची भीती वाटते. दर हिवाळ्यात मी लेकीकडे पंधरा दिवस जातो आणि खिडकीशी पुस्तक घेऊन बसतो. लेक हाडांची डॉक्टर आहे. “बर्फावर म्हातारा माणूस म्हणजे माझ्या वॉर्डातली एक खाट,” असं ती जेवताना म्हणते, आणि माझ्याकडे बघत म्हणते. तेव्हा पत्र मी शब्दकोशाखाली ठेवलं आणि महिनाअखेर आपोआप येण्याची वाट बघत बसलो. अशा बाबतीत माझी चिकाटी दांडगी आहे.

बाविसाव्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरून बहीण खाली आली. तिला घरात सगळे छोटी म्हणतात. ती अडुसष्ट वर्षांची आहे आणि दारातून येताना थोडी तिरकी होऊन येते. तिला शब्दकोडं सोडवायला शब्दकोश हवा होता.

“दादा, हे काय?”

“जुनं पत्र आहे. ठेव.”

तिनं ते उभ्या उभ्या वाचलं. मग खाली बसून परत वाचलं.

“तारीख गेल्या महिन्याची आहे. याला जुनं म्हणतात होय? आणि हे लाल कुणी केलं?”

मी खिशातलं लाल पेन आणखी खाली दाबलं.

“लाजा वाटतात का रे? पोरीनं पहिल्याच ओळीत पाया पडून सांगितलंय.”

“ती ओळ वाचायच्या आधीच...”

“पहिली ओळ! तिच्या आधी काय वाचलंस? पाकीट?” तिनं पत्राला चिकटवलेला लोकरीचा दोरा ओढून पाहिला. “हे डोक्याचं माप. किती शहाणी आहे! तुझ्यावर नाही गेली. ऊठ, चप्पल घाल. आधी गॉगल आणू. हो की नाही ते नंतर ठरव.”

“पण मी...”

“तू ‘पण’ घरी ठेव. रस्त्यात हरवेल.”

आम्ही कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेलो. गॉगल म्हटलं की माणूस आणखी कुठे जाणार? त्यानं काळ्या काचांचे वीस-पंचवीस नमुने मांडले. छोटीनं एक लावला, आरशात बघितलं, दुसरा लावला. तिसऱ्याला ती मान तिरकी करून हसली, तेव्हा मला आठवण करून द्यावी लागली की गॉगल तिच्यासाठी नाही.

“लहान मुलीला हवाय,” मी म्हणालो. “बर्फात घसरायला.”

चष्मेवाल्यानं हातातला नमुना खाली ठेवला. “बर्फात? मग तुम्हाला गॉगल नकोय हो. तुम्हाला गॉगल हवाय.”

“म्हणजे?”

“हा उन्हाचा गॉगल. तुम्हाला तो पट्ट्याचा, आख्खं तोंड झाकणारा. त्यालाही गॉगलच म्हणतात, त्याला मी काय करू? नदीपलीकडे खेळाच्या सामानाचं दुकान आहे, तिथे जा. आणि तुम्ही स्वतः घसरणार असाल तर चष्म्यावरून बसेल असा घ्या. ही काच मी परवाच बसवून दिलीय, फोडून आणू नका.”

“मी कुठे घसरतोय?”

“हा गेली बहात्तर वर्षं घसरतोच आहे,” छोटी म्हणाली. तो तिसरा गॉगल तिनं विकत घेतलाच. उन्हाचा.

खेळाच्या दुकानात एक उंच मुलगी होती. तिनं आधी दोरा मोजला, मग विचारलं, “चेहरा केवढा आहे? दोऱ्यानं डोकं कळलं.”

मला सुचलं. पत्राच्या मागच्या बाजूला नातीनं एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘हा चेहरा.’ ती मुलगी हसली आणि तिनं एक लहान गॉगल काढून रेघेवर ठेवला. बरोबर बसला.

“याच्या वरचं माप दे गं,” छोटी म्हणाली. “वाढतं वय आहे. पुढच्या वर्षी परत कोण येणार?”

“आजी, फ्रॉक घ्या वाढत्या अंगाचा. गॉगल नाही घ्यायचा.” मुलीनं कडेचा स्पंज दाबून दाखवला. “हा सगळीकडून गालाला टेकायला हवा. फट राहिली की वारा आत शिरतो, डोळ्यांतून पाणी येतं. आणि वर हेल्मेट असेल, तर हेल्मेट आणि गॉगल यांच्यामध्ये कपाळ दिसता कामा नये. दिसलं की कपाळ गारठतं. मोठा घेतला तर हेल्मेट त्याला खाली ढकलतं. मग तो येतो नाकावर.”

“तसंच झालं होतं,” मी म्हणालो. “आणि ती बाईंवर आपटली.”

“हिवाळ्यात अशा वर्गात बाई मीच असते कधी कधी,” ती म्हणाली. “सवय असते आम्हाला.”

मग काच. काळी काच लखलखीत उन्हासाठी. ढगाळ हवेत तिच्यातून सगळा बर्फ एकसारखा सपाट दिसतो, खाचखळगे कळत नाहीत. नातीकडे ढग, म्हणून गुलाबी काच. काच दुहेरी, म्हणजे वाफ धरत नाही, आणि वर हवेसाठी बारीक भोकं. छोटीला हे पटेना.

“वाफ धरत नाही म्हणजे? कशावरून?”

“लावून बघा. आणि बोलत राहा.”

“किती वेळ?”

“वाफ धरेपर्यंत.”

या परीक्षेसाठी माझ्या बहिणीनं जन्मभर तयारी केलेली आहे. तिनं मोठ्यांचा गॉगल चढवला आणि सुरू केलं. जिन्यातला दिवा, घरमालकाची सून, मग तिच्या गुडघ्यावरचे तीन वेगवेगळे सल्ले. दुकानातली दोन माणसं थांबून ऐकायला लागली. दहा मिनिटं झाली. काच स्वच्छ.

“चांगली आहे,” ती नाराजीनं म्हणाली आणि गॉगल काढला. “आता याला द्या. चष्म्यावरून बसतो तो.”

“मला कशाला?” मी म्हणालो. एक गॉगल घेतला तर ती भेट. दोन घेतले तर ते उत्तर झालं, हे मला दिसत होतं.

“लावून बघायला काय जातंय?”

मुलीनं कडेला खाचा असलेला एक गॉगल माझ्या चष्म्यावरून बसवला आणि पट्टा ओढला. चष्म्याच्या काड्या त्या खाचांत बसल्या, कानशिलाला टोचल्या नाहीत. दुकान गुलाबी झालं. मी आरशात पाहिलं. बाहेरून ती काच आरशासारखी होती. डोळे नव्हतेच. माझ्या शर्टात, माझ्या मानेवर, कुणीतरी निर्लज्ज माणूस उभा होता.

आता जे सांगतो ते सांगावं की नाही, अशी शंका आहे. मी लोकांकडे बघू शकत नाही. बोलताना मी समोरच्याच्या गुंड्या मोजतो. पण त्या काचेआडून मी त्या दुकानात सगळ्यांकडे बघितलं. खुशाल, डोळे भरून. बूट बघणाऱ्या गृहस्थाला टक लावून बघितलं, तो शेवटी तिथून निघून गेला. फार मजा आली.

“छोटे,” मी म्हणालो, “गेल्या वर्षी तू विणून दिलेला तो जांभळा स्वेटर मला अजिबात आवडलेला नाही.”

ती म्हणाली, “तो तुला कुणी दिला? तो मी तुझ्याकडे धुवायला टाकला होता. माझा आहे तो.”

“मग मी वर्षभर...”

“मला वाटलं आवडलाय, म्हणून बोलले नाही. वाईट वाटू नये म्हणून.”

दुकानातली मुलगी तोंड फिरवून खोकत होती. मला एरवी तिथल्या तिथे गाडून घ्यावंसं वाटलं असतं. पण डोळे कुणाला दिसत नव्हते, त्यामुळे लाजण्याची पंचाईत झाली. लाज कुठे ठेवायची तेच कळेना. मी हसलो. मग छोटीही हसायला लागली आणि तिनं मला जोरात कोपर मारलं.

“तो डोक्याचा दोरा परत दाखवता? पट्टा तपासून देते,” मुलगी म्हणाली. मी खिशातून पत्र काढलं, उलगडलं, आणि तसाच उभा राहिलो.

ते माझं पत्र नव्हतं. म्हणजे त्याच्यावर लाल नव्हतं. सतरा दुरुस्त्या, समासातली शंका, सगळं गेलं होतं. गुलाबी कागद आणि त्यावर नातीचं निळं अक्षर, काचेतून काळंभोर दिसणारं. मी गॉगल कपाळावर सरकवला. लाल परत आलं. खाली ओढला. गेलं. दोनतीनदा केलं.

“दादा, काय चाललंय? झटका आला का?”

मी तिला उत्तर दिलं नाही, कारण मी ते वाक्य वाचत होतो. पाच चुकांचं. पहिल्यांदाच.

‘आई म्हनते आजोबा भित्रे आहेत म्हनुन मला तुम्हिच पाहीजे.’

इतकंच. एकवीस दिवस मला वाटत होतं की पोरीला कुणीतरी सोबत हवी, आणि मी सोपा सापडलो. तिला कुणीतरी नको होतं. तिला घाबरणारा माणूस हवा होता, आणि आख्ख्या घराण्यात त्या जागेला माझ्याइतका लायक उमेदवार दुसरा नाही. आणि मी त्या वाक्याच्या समासात काय लिहिलं होतं? ‘पाहिजे की पाहिजेत?’

“दोन द्या,” मी त्या मुलीला म्हणालो. “एक लहान, एक हा. दोन्ही गुलाबी.”

“काढून द्या ना मग, खोक्यात घालते.”

“नको,” मी म्हणालो. “हा असाच नेतो.”

पुलावरून येताना छोटीनं उन्हाचा गॉगल लावला होता आणि मी बर्फाचा. आभाळ भरून आलेलं होतं. लोक बाजूला होऊन वाट देत होते.

घरी आल्यावर मी तिला काचेची गंमत दाखवली. तिनं गॉगल लावून पत्र वाचलं, काढून वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते आलं जे लहानपणी आंब्याच्या बरणीजवळ यायचं.

“दादा, पुडकं कोण उघडणार?”

“तिची आई. ती सगळंच उघडते.”

“आणि तिनं ‘हो’ बघितलं तर?”

“मग खाट.”

“म्हणजे तिला लाल दिसू दे. पोरीला दुसरं दिसू दे. तुमच्या छापखान्यात ती फिकी निळी पेन्सिल होती बघ. कॅमेऱ्याला न दिसणारी.”

होती, आणि एक अजून माझ्या डब्यात होती. छपाईसाठी पानं मांडणारे कारागीर तिच्यानं खुणा करत, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला ती दिसत नसे. मी त्या पेन्सिलीनं पत्रावरच्या ‘हो’भोवती हलकेच गोल काढला. साध्या डोळ्यांना असून नसल्यासारखा. मग लाल पेन घेतलं, ‘हो’वर खोडल्याची जाड रेघ मारली आणि ‘नाही’ला ठसठशीत गोल केला. लेकीनं बघितलं तर म्हणेल, बाबांनी परत पत्र लाल केलं आणि नाही म्हणाले. दोन्ही अगदी त्यांच्यासारखं. गॉगल लावून बघितलं. लाल रेघ गेली, लाल गोल गेला. ‘नाही’ उघडंबोडकं उभं होतं, आणि ‘हो’भोवती काळसर, स्वच्छ गोल.

आयुष्यात मी लेकीला फसवलेलं नाही. तिनं कधी विचारलं तर सांगूनही टाकेन. पण तोपर्यंत पहिला धडा झालेला असेल, आणि सपाट जागेवर माणूस पडून पडून किती पडणार?

खोक्याच्या आत, झाकणाला, छोटीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आधी गॉगल लाव, मग पत्र वाच.’ पट्टा हेल्मेटवरून किती ओढायचा ते मी सांगणार होतो, पण दुसरा कागद नको असं नातीनं बजावलं होतं. म्हणून पत्राच्या मागे, ‘हा चेहरा’च्या रेघेखाली, मी निळ्या पेन्सिलीनं दोन ओळी लिहिल्या. ‘कपाळ दिसता कामा नये. मला तुझ्याहून जास्त भिती वाटते.’ ‘भिती’ ऱ्हस्व. पहिल्या खेपेला चुकून झाली असं म्हणायला आवडेल, पण मी शब्दकोश बघून चूक केली.

मग थोडा विचार केला आणि लाल पेनही खोक्यात घातलं. तिला त्या ‘भिती’साठी लागेल.

टपाल कचेरीत मी गॉगल लावूनच गेलो. खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, काचेत स्वतःला बघितलं आणि केस सारखे केले.

“आत काय आहे?”

“गॉगल.”

“तो लावलाय की तुम्ही.”

“त्याची नात आहे आत.”

छोटीनं मला चिमटा काढला. बाईंनी पुडकं हलवून पाहिलं. “फुटणारं आहे का?”

“काच वाकते, फुटत नाही,” मी म्हणालो. “पण जपून गेलं तर बरं.”

त्यांनी जाड पेन घेतलं आणि पुडक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘नाजुक’. जु ऱ्हस्व. माझा हात सरळ खिशाकडे गेला. खिशात काही नव्हतं. बाईंनी शिक्का मारला आणि पुडकं मागच्या पोत्यात टाकलं.